जुना इटालियन कोच घेतांना : अजिंठ्याचा धडा

नवें घर बांधून झालें, भिंतींना रंग लागला, दारांना पडदे आले, कीं कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : बैठकीच्या खोलींत बसावयास काय ठेवावें? आजोबांच्या काळीं याचें उत्तर सोपें होतें. जाजम, गादी, लोड आणि दोन तक्के. आज त्या जागीं कोच येतो; आणि ज्यांस कारखान्यांतल्या एकसारख्या मालाचा कंटाळा आला आहे, त्यांची नजर जुन्या वस्तूंकडे, विशेषतः इटलीच्या जुन्या कामाकडे वळते. जुन्या बाजारांत एखादा कोरीव, सोनेरी, वळणदार पायांचा कोच दिसतो. दुकानदार सांगतो, "इटालियन आहे साहेब, दोनशें वर्षांचा." भाव ऐकून गृहस्थ खिशाकडे पाहतो आणि गृहिणी कोचाकडे.

अशा वेळीं काय पाहावें, हें शिकवणारी एक उत्तम शाळा महाराष्ट्रांतच आहे. ती शाळा म्हणजे छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठ्याचीं लेणीं. लेण्यांचा आणि कोचाचा संबंध काय, असें प्रथम वाटेल. परंतु तो दुहेरी आहे.

पहिला संबंध आसनांचा. पाय खालीं सोडून उंच आसनावर बसणें ही परकी रीत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अजिंठ्याच्या १६ व २६ क्रमांकाच्या लेण्यांत, पांचव्या शतकांतल्या बुद्धमूर्ति अशाच बसलेल्या आहेत. भिंतींवरील चित्रांत राजे-राण्या आसनांवर उशा-तक्क्यांना टेकून बसलेल्या दिसतात. 'सोफा' हा शब्दसुद्धां मूळचा अरबी असून तो युरोपांत पूर्वेकडूनच गेला. तेव्हां कोच घरांत आणण्यांत संकोचाचें कारण नाहीं. विचार करावयाचा तो त्याच्या खरेपणाचा.

दुसरा संबंध अधिक बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अजिंठा निजामाच्या राज्यांत होता. चित्रांचे पोपडे सुटूं लागले होते, गिलावा फुगून निसटत होता. तेव्हां निजाम सरकारनें, पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या कारकीर्दींत, इटलीहून लोरेंझो चेक्कोनी या तज्ज्ञास आणि त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांस पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटणारा गिलावा पुन्हा भिंतीला धरवला आणि पुष्कळ चित्रें पडतां पडतां वांचवलीं. हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु रंग टिकावे म्हणून त्यांनीं चित्रांवर चपडा लाखेचें व्हार्निश दिलें. आरंभीं चित्रें उजळलीं. पुढें वर्षें लोटलीं तशी ती लाख पिवळी झाली, मग तपकिरी झाली. धूळ आणि काजळी तिला चिकटली. आणि आकसतांना तिनें खालचा रंगही ओढला.

मौज अशी कीं, लाख ही याच देशाची. सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो तें म्हणजे स्पिरिटांत विरघळवलेली हीच चपडा लाख. लाकडावर ती शोभते. अजिंठ्याच्या मातीच्या, सच्छिद्र गिलाव्यावर ती बाधली. हेतु चांगला होता, हात कसलेले होते. पण जें एकदां लावलें तें सहज काढतां येईना. जुनी वस्तु घेणाऱ्यानें हीच गोष्ट मनांत धरावी. वस्तु मुळांत कशी होती, तिच्यावर मागाहून काय काय झालें, आणि आपण तिला जें करूं तें उद्यां परत फिरवतां येईल का, हे तीन प्रश्न कोचापुढें उभें राहतांच विचारावे.

प्रथम 'जुना' या शब्दाचा अर्थ ठरवूं. व्यापारांत सामान्यतः शंभर वर्षांवरील वस्तूस पुरातन म्हणतात. १९७२ च्या भारतीय कायद्यानेंही कलात्मक वा ऐतिहासिक वस्तूस पुरावस्तु ठरवण्यासाठीं साधारणतः शंभर वर्षांचीच मर्यादा घातली आहे. अशी वस्तु खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. चाळीस-पन्नास-साठ वर्षांच्या वस्तु ह्या निराळ्या वर्गांतल्या. त्यांस विंटेज म्हणतात. दोन्ही वर्ग घेण्याजोगे आहेत, परंतु एकाचा भाव दुसऱ्यास देऊं नये.

आतां कोच पाहावयाचा. बहुतेक लोक तो समोरून पाहतात. जाणता मनुष्य तो उलटा करावयास सांगतो. समोरची बाजू दाखविण्यासाठीं केलेली असते. खालची बाजू कोणी सजवीत नाहीं, म्हणून ती खरें सांगते. हातानें केलेल्या जुन्या कामांत रंध्याच्या व पटाशीच्या खुणा थोड्या वेड्यावांकड्या असतात. गोल करवतीनें कापलेल्या फळीवर कमानीसारख्या रेषा दिसतात. त्या दिसल्या तर काम बहुधा एकोणिसाव्या शतकांतलें किंवा नंतरचें समजावें. टोंकदार यांत्रिक स्क्रू साधारणतः १८५० च्या पुढचा, आणि चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकांतला. एखादा नवा स्क्रू दुरुस्तींत आलेला असूं शकतो. पण सर्वच स्क्रू नवे असतील तर दोनशें वर्षांची कथा तेथेंच संपते.

मग लाकूड पाहावें. इटलींत कोरीव कामास अक्रोडाचें लाकूड फार आवडीचें. व्हेनिस शहरच्या अठराव्या शतकांतल्या रंगीत कामांत मात्र आंत हलकें, मऊ लाकूड असे व त्यावर खडू-सरसाचा लेप देऊन चित्रें काढीत. तेव्हां हलकें लाकूड दिसलें म्हणून वस्तु खोटी ठरत नाहीं. उलट, अठराव्या शतकांतला म्हणून दाखविलेला 'इटालियन' कोच सागवानी किंवा शिसवी निघाला, तर तो भारतांतच घडलेला असण्याचा संभव फार. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं; येथील सुतारांनीं विलायती नमुन्यावरून सुरेख कामें केलीं आहेत. तसा कोच त्याच्या खऱ्या नांवानें आणि खऱ्या भावानें आनंदानें घ्यावा. हेंही ध्यानीं ठेवावें कीं, एकोणिसाव्या शतकांत खुद्द इटलींतच जुन्या शैलीच्या प्रतिकृति मोठ्या प्रमाणांत तयार झाल्या. 'इटालियन शैलीचा' आणि 'इटलींत त्या काळीं घडलेला' या दोन शब्दप्रयोगांत कधीं कधीं शतकाचें अंतर असतें.

गादीकामाचाही साक्षीदारासारखा उपयोग होतो. बैठकींत स्प्रिंगा घालण्याची चाल युरोपांत १८२० नंतर पसरली. त्यापूर्वीं पट्ट्या ताणून त्यांवर घोड्याचे केस वगैरे भरीत. म्हणून १७५० सालच्या म्हणविणाऱ्या कोचांत स्प्रिंगा असतील, तर एक तर गादीकाम मागाहून बदललें आहे, नाहीं तर कोचच मागाहूनचा आहे. कापड बदललेलें असणें हा मोठा दोष नव्हे. बसण्याच्या वस्तूचें कापड झिजणारच. मोल आहे तें सांगाड्याचें.

सांगाडा पारखण्यास बसून पाहावें, हात धरून हलवावें. कुरकुर आली तर सांधे सैल झाले आहेत. जुने सांधे सरसाचे असतात. सरस दमट हवेंत मऊ पडतो, अति कोरड्या हवेंत ठिसूळ होतो. मुंबईच्या पावसाळ्यांत वाढलेला कोच मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत, पारा चाळिशीवर गेला असतां, आकसतो आणि त्याला चिरा जातात. तेव्हां तो खिडकीच्या उन्हांत किंवा वातानुकूल यंत्राच्या झोतांत ठेवूं नये. लाकडाला बारीक भोकें दिसलीं तर खालीं काळा कागद पसरून आठवडाभर तसाच ठेवावा. ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे, आणि तिचा बंदोबस्त झाल्यावांचून कोचाला घरांत पाऊल टाकूं देऊं नये.

विसाव्या शतकांतला इटालियन कोच घेणाऱ्यास निराळी काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींत रबराच्या फेसाळ गादीचा उपयोग सुरू झाला. मार्को झानूसो यांनीं आर्फ्लेक्स या मंडळींसाठीं केलेली 'लेडी' ही खुर्ची १९५१ सालची, आणि ती याचा प्रसिद्ध नमुना होय. अशी गादी देखणी व सुखद असते, पण लाकडासारखी दीर्घायुषी नसते. काळ लोटला कीं ती कडक होते, मग तिचा भुगा होतो. म्हणून नवी गादी भरण्याचा खर्च भावांत धरूनच सौदा करावा.

आणि शेवटीं पृष्ठभाग. येथेंच अजिंठा आठवावा. खऱ्या सोनेरी वर्खाखालीं पुष्कळदां तांबूस मातीचा थर असतो. कडा झिजून तो डोकावूं लागला तर तें वयाचें लक्षण आहे. त्यावर सोनेरी रंग फासणें म्हणजे वय पुसणें. शिवाय स्वस्त सोनेरी रंग कांहीं वर्षांत काळवंडतो. रंगीत किंवा वर्खी कामावर चकाकीसाठीं पॉलिश चढवूं नये, आणि जुनें पॉलिश खरवडून कोच 'नवा' करण्याच्या मोहांत पडूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ झटकावी. सांधा सुटला तर लोखंडी पट्टी व खिळे न ठोकतां पुन्हा सरसानेंच जोडून घ्यावा, म्हणजे पुढच्या कारागिराला तो उकलतां येईल. जो दुकानदार कोच उलटा करूं देत नाहीं, किंवा झालेली दुरुस्ती पावतीवर लिहून देत नाहीं, त्याला नमस्कार करून पुढें जावें. निघण्यापूर्वीं घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापें मात्र खिशांत असावीं.

अजिंठ्यांत १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनीं ती काळवंडलेली लाख अति सावधपणें, बोटबोट जागा घेऊन काढण्याचें काम केलें, आणि तिच्याखालून जुने रंग पुन्हा दिसूं लागले. दोन हिवाळ्यांत चढविलेला थर उतरवण्यास असा दीर्घ काळ लागला. घरांतल्या कोचासाठीं इतके तज्ज्ञ कोणी पाठवणार नाहीं. त्याची राखण त्या घरच्या माणसांनींच करावयाची असते, आणि ती मुख्यतः त्याच्यावर हात न चालवण्यानें होते.