हॅम रेडिओ, ट्रकवाले आणि एक चिवट गैरसमज

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांचं आपल्याकडे भारी कौतुक. त्यात समोरच्याला कळलं की आपण हौशी, म्हणजे हॅम रेडिओवाले, तर पुढचं वाक्य ठरलेलं: “तिकडचे ड्रायव्हर सीबी टाकून हॅम घेतात म्हणे. एक परीक्षा दिली की कंपनीशी थेट बोलायचं, फोनचं बिल नाही, काही नाही.” काही ड्रायव्हर हॅम घेतात, हे खरं. कंपनीशी बोलायचं, हे साफ चूक. आणि तेच इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकून डोकं फिरतं.

आधी सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ४० चॅनेल, एएमवर ४ वॅट शक्ती, परीक्षा नाही. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. तेव्हा डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी हा रेडिओ उचलला. १९८३मध्ये परवान्याची अटही गेली. आजही महामार्गावर ट्रकवाल्यांचा चॅनेल म्हणजे १९.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत हौशी रेडिओचे नियम संघीय नियमावलीच्या ४७व्या शीर्षकातल्या भाग ९७मध्ये आहेत. त्यातलं ११३वं कलम सांगतं की ज्यात स्वतःचा आर्थिक लाभ आहे, किंवा जे मालकाच्या वतीने आहे, असं संभाषण हॅमवर करायचं नाही. शिक्षकांसाठी आणि आपत्तीच्या सरावासाठी थोड्या सवलती आहेत. माल वाहणाऱ्यांसाठी नाहीत. म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोकडे परवाना असेल, तर “सहापर्यंत घरी येतो” हे तो तिला खुशाल सांगू शकतो. “गोदामावर पोचलो, पुढचा लोड कुठून उचलू?” असं कंपनीला विचारता येत नाही, मग तिकडे बसलेल्या माणसाकडे परवाना असो वा नसो. आपण ट्रक चालवतो हे सांगायला बंदी नाही. ट्रकचा धंदा त्यावरून चालवायला आहे.

गंमत म्हणजे ज्या सीबीला ही मंडळी नावं ठेवतात, त्याच्या व्याख्येतच ‘वैयक्तिक किंवा व्यावसायिक’ कामाची मुभा आहे. म्हणजे धंद्याची जी गोष्ट विनापरवाना सीबीवर चालते, तीच परीक्षा देऊन मिळवलेल्या हॅमवर गुन्हा ठरते. हा अमेरिकेचा लहरीपणा नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येतच हौशी सेवा म्हणजे आर्थिक हेतू न ठेवता, स्वतःच्या आवडीपोटी केलेलं रेडिओचं काम. त्यामुळे आपल्याकडच्या कुणा ट्रान्सपोर्टवाल्याने सगळ्या ड्रायव्हरांना हॅमचे परवाने काढून द्यायचा बेत केला असेल, तर त्यानेही तो आवरावा.

मग धंद्याचं सोडून, नुसत्या रस्त्याच्या खबरीसाठी तरी हॅम सीबीची जागा घेईल का? वायोमिंगमधला इंटरस्टेट ८० डोळ्यांसमोर आणा. हिमवादळ, पुढे एक ट्रेलर आडवा झालेला. मागून येणाऱ्यांना थोपवायचं तर चॅनेल १९वर ओरडलेलं बरं, कारण मागच्या दोन-चार मैलांतले सीबीवाले तिथेच कान लावून असतात. त्यांच्यापैकी हॅम किती असतील? बहुधा एकही नाही. पण अपघाताची वर्दी लांब पोचवायची आहे आणि मोबाइलला रेंज नाही, तर टू मीटर बँडवरचा हॅम कामाला येतो. डोंगरावरचा रिपीटर तुमचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतो, ६०० किलोहर्ट्झ सरकवून जास्त शक्तीने पुन्हा सोडतो, आणि पन्नास मैलांवर घरात बसलेला कुणी निवृत्त हॅम तो ऐकून मदतीला फोन लावू शकतो. एकाने शेजारचा ट्रक थांबतो, दुसऱ्याने रुग्णवाहिका निघते. म्हणूनच जाणते ड्रायव्हर केबिनमध्ये दोन्ही बसवतात.

उरलेले गैरसमज झटपट निपटू.

मोर्सची टकटक शिकावी लागते? नाही. अमेरिकेत २००७पासून कुठल्याच वर्गाला ती अट नाही. टेक्निशियन परवान्याला ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास.

सीबीसारखं टोपणनावावर भागतं? मुळीच नाही. दर दहा मिनिटांनी आणि बोलणं संपताना कॉल साइन सांगावीच लागते, आणि ती शोधली की परवानाधारकाचं नाव आणि टपालाचा पत्ता सरकारी नोंदीत कुणालाही दिसतो. सीबीवर शिवीगाळ करून मोकळं व्हायची सवय असलेल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

ट्रकथांब्यांवर ‘टेन मीटर’ या हॅम बँडचा म्हणून मिळणारा दणकट सेट म्हणजे हॅम? बऱ्याचदा ती पळवाट असते. आतली एक वायर कापली की तो २७ मेगाहर्ट्झवर परवानगीपेक्षा कितीतरी जास्त शक्तीने बोलू लागतो. असे सेट अमेरिकेचा संघीय दळणवळण आयोग बेकायदा सीबीच मानतो, डब्यावर काहीही छापलेलं असो. खिशात हॅमचा परवाना असला, तरी सीबीच्या चॅनेलवर बोलायला सीबीसाठी प्रमाणित सेटच लागतो.

मोबाइलसारखा रेडिओही गाडी चालवताना बंद? व्यावसायिक ड्रायव्हरांना २०१२पासून हातात फोन धरायची बंदी आहे, पण त्या नियमातल्या ‘मोबाइल फोन’च्या व्याख्येतून सीबी आणि दुतर्फी रेडिओ वगळलेले आहेत.

परीक्षा नको, पण रिपीटर हवा? त्यासाठी जीएमआरएस नावाची वेगळी रेडिओ सेवा आहे. ३५ डॉलर भरले की दहा वर्षांचा परवाना, तोही घरातल्या सगळ्यांना चालणारा, ५० वॅटपर्यंत शक्ती आणि वर कामाधंद्याचं बोलायची मुभा. कंपनीशी बोलायची स्वप्नं पाहणाऱ्यांनी निदान जीएमआरएसच्या नियमांचं पान उघडायला हवं होतं. पण परवाना व्यक्तीच्या नावे मिळतो, कंपनीला नवा मिळत नाही, हेही त्याच पानावर लिहिलेलं आहे.