दोन्ही बाजूंनी सरकणारा फोन

फोन वर सरकवला की आकड्यांची कळपट्टी, खाली सरकवला की गाण्यांची बटणं आणि पडदा आपोआप आडवा. नोकियाचा एन९५ असा दोन्हीकडे उघडायचा. २००६ च्या सप्टेंबरात जाहीर झालेला हा फोन २००७ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या पोटात जीपीएस, वायफाय, थ्रीजी आणि कार्ल झाइसच्या भिंगाचा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा एकत्र नांदत होते. चित्रफीत सेकंदाला ३० चौकटींची. टीव्हीला जोडायचीही सोय! नेहमीचा ३.५ मिमी जॅक असल्याने घरातला कुठलाही हेडफोन चालायचा, आणि ही साधी सोय त्या काळी दुर्मीळच होती.

पण वजन १२० ग्रॅम, जाडी सुमारे २ सेंटिमीटर. खिशात ठेवला की फुगवटा लपत नसे.

खरी गोची बॅटरीची. एवढा कारखाना चालवायला ९५० मिलिअँपिअर-तास! जीपीएस आणि वायफाय सुरू ठेवले की दिवसभराची खात्री नाही, आणि यूएसबीवरून चार्जिंगही होत नसे. नंतरच्या ८ जीबी आवृत्तीत बॅटरी १२०० वर गेली, पडदा २.६ वरून २.८ इंच झाला. मात्र भिंगावरचं सरकतं झाकण आणि मेमरी कार्डाची खाच गेली. हा सौदा तोट्याचा नव्हता.

भारतात मात्र गंमतच झाली. फोन थ्रीजीला तयार, पण खासगी कंपन्यांसाठी थ्रीजी लहरींचा लिलाव झाला तो २०१० साली.