नदीचा बाण वळवायचा कसा? वर्डमध्ये बाण काढणे व त्याला आकार देणे



परिसर अभ्यासासाठी आपण बारामती-इंदापूरच्या नद्यांचा तक्ता वर्डमध्ये करतो. नावं टाइप होतात, पण बाण काढताना गाडी अडते. सरळ बाण टाकून आपण मोकळे होतो. पण मुलांसाठी बाण म्हणजे नुसती सजावट नाही, पाणी कुठून कुठे जातं हे तोच सांगतो. पुष्कळ मुलांना वाटतं, नदी नेहमी कागदावर वरून खालीच वाहते. आपली नीरा मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे कागदावर डावीकडून उजवीकडे जाते. बारामती शहरातून वाहणारी कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा-भीमा संगम होतो आणि भीमा पंढरपूरकडे जाते. हेच आज काढूया.

१. इन्सर्ट टॅबमध्ये शेप्सवर क्लिक करा. 'लाइन्स' गटातला 'कर्व्ह' निवडा.

२. नदी जिथून येते तिथे एक क्लिक करा. प्रत्येक वळणावर एकेक क्लिक आणि संगमावर डबल क्लिक. सुरुवात नेहमी उगमाच्या बाजूनेच करा, म्हणजे बाणाचं टोक बरोबर जागी येईल.

३. रेषा निवडलेली असताना शेप फॉरमॅट टॅब दिसेल (जुन्या वर्डमध्ये नुसतं फॉरमॅट). तिथे शेप आउटलाइनमधून ॲरोज घ्या. टोक उलट्या बाजूला आलं तर त्याच यादीतला उलट दिशेचा बाण निवडा. रेषेच्या आत रंग भरला गेला, तर शेप फिलमध्ये 'नो फिल' करा.

४. वळण चुकलं? पुसू नका. रेषेवर राईट क्लिक करून 'एडिट पॉइंट्स' घ्या. काळे ठिपके दिसतील. ठिपका धरून ओढा, नदी वळेल. नवीन वळण हवं असेल तर रेषेवर राईट क्लिक करून 'ॲड पॉइंट' करा.

५. वीर धरणावरून निघणारा नीरा डावा कालवा बारामती, इंदापूरकडे येतो. तो माणसाने खोदलेला, म्हणून त्याची रेषा वेगळी हवी. शेप आउटलाइनमध्ये 'डॅशेस' घेऊन ती तुटक करा. शाळेची झेरॉक्स काळी-पांढरीच असते, तिथे निळा-हिरवा फरक दिसत नाही. तुटक रेषा मात्र दिसते. नद्यांसाठी 'वेट' ३ पॉइंट ठेवा.

६. जाड बाण हवा असेल तर 'ब्लॉक ॲरोज' वापरा. त्यावरचा पिवळा ठिपका ओढला की टोक आणि दांडा लहान-मोठा होतो. पांढऱ्या ठिपक्यांनी पूर्ण बाण वाढतो. वरच्या गोल खुणेने तो फिरतो.

७. शेवटी कंट्रोल दाबून सगळे बाण व नावांच्या टेक्स्ट बॉक्सवर क्लिक करा आणि 'ग्रुप' करा. नाहीतर वर एक ओळ वाढवली तरी कऱ्हा एकीकडे आणि तिचं नाव दुसरीकडे! व्हॉट्सॲपवर पाठवताना पीडीएफ करून पाठवा, म्हणजे पालकांच्या मोबाईलवर बाण हलणार नाहीत.

तक्ता झाला की एक प्रत बाणांची टोकं न लावता छापा. टोकं मुलांना पेन्सिलीने काढू द्या. कोणाला नदीची दिशा कळली आणि कोणाला फक्त नाव पाठ आहे, ते लगेच समजेल. पालकांनो, घरीही हा प्रयोग करून बघा.