तीन तासांची सोबत

पिंजऱ्याला तीन खण. एका टोकाला नराच्या ओळखीची मादी, दुसऱ्या टोकाला परकी. दोघी पट्ट्याने बांधलेल्या, त्यामुळे आपापल्या खणातच. मधल्या खणात नर सोडायचा आणि तीन तास कॅमेरा चालू ठेवायचा. नर दोन्हीकडे हुंगून येतो आणि बहुधा आपल्या मादीच्या अंगाला अंग लावून बसतो. मोजायचं असतं ते हे बसणं. समागम नव्हे, नुसतं बसणं.

हा प्रेअरी व्होल: अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यातला, उंदरासारखा, चिमुकला जीव. बहुतेक सस्तन प्राणी जोडीने राहत नाहीत, हा राहतो. ते प्रथम ध्यानात आलं शिवारात. १९७० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे लोवेल गेट्झ सापळे लावून व्होलांची गणती करत होते. एकाच सापळ्यात तेच नर-मादी पुन्हापुन्हा सापडू लागले. कोड्याची उकल करायला त्यांनी त्याच विद्यापीठातल्या संप्रेरक-अभ्यासक स्यू कार्टर यांना गाठलं. एकाला रान माहीत, दुसरीला रक्तातली रसायनं. पुढचं सारं संशोधन या भागीदारीवर उभं राहिलं.

१९९२ मध्ये मेंदू-अभ्यासक टॉम इन्सेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जोडीने राहणाऱ्या आणि न राहणाऱ्या जातींच्या व्होलांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ते ज्यांना चिकटून काम करतं ते रेणू, वेगवेगळ्या जागी असतात. हे ग्राहक औषधाने अडवले तर माद्यांची जोडी जुळेना. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं रसायन’ म्हणायला मग कितीसा वेळ लागणार! इतक्या गुंतागुंतीच्या वागण्याला एका रेणूचं नाव देणं घाईचं होतं.

२०२३ मध्ये देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळांनी मिळून ऑक्सिटोसिनच्या ग्राहकाचं जनुकच निकामी केलेले व्होल तयार केले. त्यांनाही त्याच पिंजऱ्यात, तेच तीन तास. ते आपल्या जोडीदाराला बिलगून बसले. माद्या व्याल्या, पिल्लांना पाजू लागल्या. मात्र त्यांची पिल्लं वजनाने हलकी भरली आणि दूध सुटेपर्यंत जगणारी कमी निघाली.

जुने प्रयोग यामुळे खोटे ठरत नाहीत. प्रौढ मेंदूत एक वाट अचानक अडवणं निराळं आणि जन्मापासून ती वाट नसलेला मेंदू वाढणं निराळं. अशा मेंदूने वाढतानाच दुसरी वाट धरली असावी. ती शोधायला प्रयोगशाळेत जनुकं कापणारे लागतील, आणि तीन-तीन तासांचं चित्रण चिकाटीने पाहणारेही.