उतार आणि आवर

आमच्या जबलपूरचा बर्फाशी संबंध विचाराल, तर तो उसाच्या रसाच्या गाडीपाशी आणि लहान मुलांच्या हातांतील रंगीत गोळ्यापाशी संपतो. मे महिन्यात येथे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात फार तर पहाटे नर्मदेवर धुके उतरते. पांढरेशुभ्र म्हणून पाहुण्यांना दाखवावे असे आमच्यापाशी एकच आहे, ते म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे. चांदण्यात ते हिमासारखे दिसतात असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हिम पाहिलेले नसते, एवढेच. अशा गावच्या माणसाने बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळावर बोलावे, हे कोरड्या विहिरीच्या काठावर बसून पोहणे शिकविण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे.

तथापि एक धागा आहे. जम्मू-काश्मीर रायफल्स या पलटणीचे केंद्र जबलपूरच्या छावणीत आहे. ज्या जवानांना पुढे हिमाच्छादित शिखरांवर उभे राहावयाचे, त्यांतील कित्येकांची पहिली कवाईत या तापलेल्या मैदानावर होते. नोकरी संपल्यावर काहीजण येथेच घर बांधून राहतात. आमच्या शेजारी असेच एक निवृत्त सुभेदार आहेत. काही वर्षांपूर्वी मी सहकुटुंब गुलमर्गला निघालो, तेव्हा त्यांनी मला एकच सूचना केली: "साहेब, तिथे उतरायला सगळेच शिकतात. तुम्ही आधी पडायला शिका आणि मग थांबायला शिका." त्यांच्या या दोन वाक्यांत स्कीइंगचे सारे शास्त्र सामावलेले आहे, हे मला पुढे समजले.

स्की म्हणजे पायाला बांधावयाची लांब, अरुंद, पुढे किंचित वर वळलेली पट्टी. मूळ नॉर्स भाषेतील शब्दाचा अर्थ ‘फाडलेल्या लाकडाची फळी’ असा आहे. उत्तर युरोपातील दलदलीत सापडलेल्या काही पट्ट्या पाच हजार वर्षांहूनही जुन्या आहेत. म्हणजे हा आरंभी खेळ नव्हताच. शिकारीला जाणे, सरपण आणणे, शेजारच्या वस्तीवर पोहोचणे, यांसाठी काढलेली ती वाट होती. १८८८ मध्ये नॉर्वेच्या नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, तेव्हा जगाचे लक्ष या साधनाकडे वेधले गेले. त्याच शतकात टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नोरहाइम याने वेताच्या पिळाने टाच स्कीला घट्ट बांधण्याची युक्ती काढली. टाच बांधली गेली आणि पट्टी पायाच्या हुकमात आली. वळणे घेता येऊ लागली, आणि गरजेची वाट हळूहळू क्रीडा बनली. हिवाळी ऑलिंपिकचा आरंभ १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झाला. पर्वताच्या उतारावरील शर्यती त्यात १९३६ मध्ये आल्या.

स्कीवर माणूस बुडत का नाही, हे गणित साधे आहे. ७० किलो वजनाच्या माणसाच्या दोन्ही बुटांचे तळ मिळून सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर भरतात. तेव्हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १४० ग्रॅमचा भार येतो आणि ताज्या हिमात तो मांडीपर्यंत रुततो. दोन स्कींचा तळ मिळून सुमारे २,५०० चौरस सेंटिमीटर. भार अवघा २८ ग्रॅमवर येतो. आपल्याकडे चिखलातून जाताना फळी टाकतात, तीच ही युक्ती. घसरण्याचे कारण निराळे. पट्टीच्या घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि हिमकणांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो. तोच वंगणाचे काम करतो. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत, हा थर नीट तयार होत नसल्यामुळे, हिम वाळूसारखे खरखरीत होते आणि स्की अडखळते.

खरे कौशल्य वळण्यात आहे. आजची स्की डमरूसारखी टोकांना रुंद आणि मध्ये बारीक असते. तिच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. शरीराचा तोल एका बाजूस नेऊन ती कडेवर तिरपी केली, की ती धनुष्यासारखी वाकते आणि हिमात कमान कोरीत आपसूक वळते. उताराला सरळ सामोरे गेले की वेग वाढतो. आडवे झाले की वेग मरतो. उत्तम स्कीपटू उतारावर नागमोडी का जातो, याचे उत्तर हेच आहे. ती नजाकत नव्हे, तो आवर आहे.

स्नोबोर्ड हे या कुळातील धाकटे भावंड. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. त्या खेळण्यातून पुढे हा स्वतंत्र खेळ वाढला आणि १९९८ मध्ये नागानो येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. स्कीवर आपण तोंड पुढे करून जातो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडून, समुद्राच्या लाटेवर स्वार व्हावे तसे, कुशीने जातो. तरुणांना ही फळी विशेष प्रिय आहे. पंचेचाळिशीतील माझ्या गुडघ्यांनी मात्र तिच्याकडे दुरूनच आदराने पाहिले.

आता गुलमर्गविषयी. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, टंगमर्गचा घाट चढून गेल्यावर, देवदारांच्या वनांनी वेढलेले हे पठार लागते. त्याची उंची सुमारे २,६५० मीटर. इंग्रजांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब काढला. परंतु या खेळाला आपल्या देशात भक्कम पाया मिळाला तो युद्धातून. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या सैन्याने जोझिला खिंडीत रणगाडे चढवून लडाखची वाट मोकळी केली. हिमात लढावयाचे तर हिमात चालणे शिकले पाहिजे, हा त्या मोहिमेचा धडा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थिमय्यांनी गुलमर्गला स्की-शाळा उघडली. आज सैन्याची उत्तुंग-प्रदेश युद्धशाळा म्हणून ती ओळखली जाते. आमचे सुभेदारसाहेब तेथेच शिकले.

१९९८ मध्ये गोंडोला नावाच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला, आणि २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, पोहोचला. तेव्हापासून जगभरचे स्कीपटू येथे येऊ लागले. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा येथे भरू लागल्या; आणि याच परिसरात वाढलेल्या आरिफ खान या तरुणाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे एकट्याने प्रतिनिधित्व केले.

पायथ्याच्या सौम्य उतारावर माझा पहिला धडा झाला. शिक्षक टंगमर्गकडचा विशीतला मुलगा होता. त्याने प्रथम मला कुशीवर अलगद पडावयास आणि पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठावयास शिकविले. मग स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची दूर, अशी पाचर करून थांबावयास शिकविले. ही पाचर जितकी रुंद, तितका वेग कमी. पहिल्या तासात मी नऊ वेळा पडलो. माझी कन्या मोजत होती, म्हणून हा आकडा विश्वसनीय आहे. दहाव्या खेपेला मात्र मी माझ्या इच्छेने थांबलो. उतरण्यापेक्षा त्या थांबण्याचा आनंद मोठा होता.

परंतु पर्वताच्या वरच्या अंगाला हा आनंद फार गंभीर रूप धारण करतो. हिम एकजीव नसते. ते थराथरांनी साचते. जुन्या, भुसभुशीत थरावर नव्या हिमाचा जड थर बसला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर एका माणसाच्या भारानेही वरचा सारा थर तुटून खाली धावतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणाऱ्या युद्धशाळेच्या तुकडीवर असाच कडा कोसळला आणि डझनाहून अधिक जवान प्राणांस मुकले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटावर पोलंडचे दोन स्कीपटू गाडले गेले. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणून जाणकार स्कीपटू संदेश देणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे सोबत ठेवतो, एकटा जात नाही, आणि पथकाने बंद केलेल्या उताराकडे फिरकत नाही. सुभेदारसाहेबांच्या ‘थांबायला शिका’ या शब्दांचा पुरता अर्थ येथे उलगडतो. पायांना आवर घालणे हा पहिला धडा, आणि मोहाला आवर घालणे हा शेवटचा.

आणखी एक चिंता अलीकडे उभी राहिली आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात तपकिरी, उघडे पडले होते. २०२५ मध्ये हिमाअभावी तेथील राष्ट्रीय स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या कडक थंडीत पडलेले हिम घट्ट बसते आणि उन्हाळाभर सावकाश वितळून झेलमला व तिच्या काठच्या भातखाचरांना पाणी पुरविते. उशिरा पडलेले हिम उन्हासरशी वाहून जाते. म्हणजे स्कीपटूचा हंगाम बुडतो, तेव्हा शेतकऱ्याची ठेवही बुडत असते. पर्यटकाला जो खेळाचा गालिचा वाटतो, तो वस्तुतः पाण्याचा खजिना आहे.

याचे जबलपूरला काय, असे कोणी विचारील. आमची नर्मदा हिमाची कन्या नव्हे. ती अमरकंटकाच्या वनांत मुरलेल्या पावसावर वाहते. हे खरे. पण भूमध्य समुद्राकडून पूर्वेस सरकत येणारे जे पश्चिमी विक्षोभ गुलमर्गवर हिम टाकतात, त्यांच्याच प्रभावाने पौष-माघात आमच्या शेतांवर चार सरी येतात. त्यांना इकडे ‘मावठा’ म्हणतात, आणि गहू-हरभऱ्याला त्या अमृतासारख्या असतात. म्हणजे तेथील हिम आणि येथील मावठा ही एकाच घरची भावंडे आहेत. पुढच्या माघात सकाळी खिडकीवर थेंब वाजू लागले, की मी अफरवटाकडे मनाने पाहीन, आणि सुभेदारसाहेब कुंपणापलीकडून नेहमीप्रमाणे म्हणतील, "साहेब, वर बर्फ पडला असेल."