निरंक म्हणजे काय?

इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या आदिवासी उपकेंद्राचे वर्ष एका गुणाकाराने सुरू होते. डोंगरी आणि आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे तीन हजार लोकसंख्या असावी, असा निकष आहे. राज्याचा जन्मदर नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हजारी १५ होता. तो धरला तर वर्षाला ४५ जन्म होतात. गर्भपात वगैरे गृहीत धरून त्यात १० टक्के मिळवले की साधारण ५० गरोदर मातांचे उद्दिष्ट तयार. नर्सताईंच्या कामाची टक्केवारी मग वर्षभर याच ५० शी ताडून पाहिली जाते. गणित सोपे आहे, गोम त्या तीन हजारांत आहे. शेवटची जनगणना झाली २०११ साली, तेव्हा तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात समृद्धी महामार्गाचे बोगदे खणायला बाहेरून मजूर आले, राहिले आणि गेले. इकडे भाताची झोडणी उरकली की वाड्यांवरची कुटुंबे द्राक्षबागांत नाहीतर वीटभट्ट्यांवर पोट भरायला जातात. आशाताई घरोघर फिरून यादी करतात हे खरे, पण त्या यादीतली माणसे आणि उद्दिष्टातली माणसे यांचा मेळ बसेलच असे नाही. काम ८० टक्के भरले म्हणजे दहा बाया सुटल्या, की त्या मुळात तिथे नव्हत्याच, हे टक्केवारी सांगत नाही.

आकड्यांचा पुढचा प्रवास सगळीकडे सारखाच. आशाताईंच्या डायरीतली नोंद नर्सताईंच्या आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) रजिस्टरवर चढते, महिनाअखेरीस उपकेंद्राचा मासिक अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि तालुका व जिल्हा पातळीवर तपासणी होऊन आकडे केंद्र सरकारच्या एचएमआयएस या आरोग्य माहितीच्या पोर्टलवर दिसू लागतात. हे पोर्टल २००८ पासून चालू आहे. या व्यवस्थेचा एक गुणधर्म मात्र बातम्या लिहिणारेही विसरतात. ही व्यवस्था सेवा मोजते, माणसे मोजत नाही. दवाखान्यातले बाळंतपण ज्या दवाखान्यात झाले त्याच्या नावे लागते. इगतपुरी तालुका कसारा घाटाच्या तोंडाशी आहे. एका अंगाला ठाणे जिल्ह्यातले शहापूर, दुसऱ्या अंगाला अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले. पहिलटकरीण माहेरी जाते आणि ते माहेर घाटाखाली असते. अवघड बाळंतपण नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. म्हणजे नाव इथे नोंदलेले आणि बाळंतपण तिथे मोजलेले. तालुक्याच्या तक्त्यात नोंदणी जास्त आणि बाळंतपणे कमी दिसली, तर ती लबाडी नसते. पण ‘इतक्या बायांचे काय झाले?’ असे विचारणाऱ्याला त्या तक्त्यात उत्तरही मिळत नाही. एकेका बाईचा माग ठेवण्यासाठी आरसीएच पोर्टल वेगळे आहे. त्यातली माहिती व्यक्तीची असल्याने ती लोकांसमोर येत नाही, आणि येऊही नये.

सरकारी अहवालात ‘निरंक’ हा फार सोयीचा शब्द आहे. या महिन्यात बालमृत्यू निरंक. आता याचा अर्थ एकही मूल गेले नाही असा घ्यायचा, की गेलेले कोणाला कळले नाही असा? महाराष्ट्राने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या काही संस्थांनी गावोगावी मृत्यू मोजून २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात दिसत होते त्याहून प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त निघाले. जन्मून तासाभरात गेलेले मूल ‘उपजत मृत’ लिहिले गेले की ते बालमृत्यूच्या रकान्यातून आपोआप गळते. जन्मवजनाचेही तसेच. अडीच किलोच्या आत मूल असेल तर ते कमी वजनाचे, आणि देशभरच्या नोंदींत नेमक्या अडीच किलोवर वजनांची गर्दी दिसते. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. मात्र यासाठी नर्सताईंना खोटारडे ठरवणे हा आळशीपणा आहे. आढावा बैठकीत वाईट आकड्याला बोलणी बसतात, चांगल्याला कोणी खोलात विचारत नाही आणि आशाताईंच्या मानधनाचा काही भाग कामाच्या नोंदीवरच निघतो. अशा ठिकाणी आकडा हळूहळू साहेबांच्या मनाजोगता होणारच.

मग यावर आणखी तपासण्या नेमाव्यात का? नेमाव्यात, पण त्यांनाही मर्यादा आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घराघरांत जाऊन स्वतंत्रपणे विचारते, तिच्यावर भरवसा अधिक. पण तिचा नमुना जिल्ह्यापुरता असतो, तालुक्याचा आकडा ती देत नाही. नाशिक जिल्ह्याच्या सरासरीत निफाडच्या बागायतदाराची सून आणि इगतपुरीच्या वाडीवरची ठाकराची सून एकाच ओळीत बसतात. माझ्या मते आकडा तपासायची खरी जागा आहे तो जिथून उचलला ती वाडी. बाळ कोणाच्या घरी जन्मले, लसीकरणाला नर्सताई आल्या होत्या की नव्हत्या, रुग्णवाहिका कुठवर पोचली, हे तिथल्या माणसांना पाठ असते. आज आकडा त्यांच्याकडून वर जातो आणि परत येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात याच तालुक्यातल्या एका वाडीला रस्ता नसल्याने कळा सुरू झालेल्या बाईला रात्री मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावे लागले आणि ती दगावली. बातमी राज्यभर झाली. मासिक तक्त्यात अशा घटनेचा ‘माता मृत्यू: १’ होतो. रस्त्याला त्यात रकाना नाही. मृत्यूच्या अन्वेषणात उशिराची कारणे विचारली जातात, पण ते कागद गोपनीय असतात.

हे आकडे वाडीत परत आणायचे म्हटले की पहिला आक्षेप खासगीपणाचा येतो, आणि तो रास्त आहे. चाळीस घरांच्या वाडीत ‘एक मृत्यू’ म्हटले की नाव सांगितल्यासारखेच. म्हणून वाडीपुढे माणसांचे नव्हे, सेवेचे आकडे ठेवावेत: उपकेंद्र किती दिवस उघडे होते, ठरलेल्यापैकी किती लसीकरण सत्रे झाली, आशाताईंकडे लोहाच्या गोळ्या होत्या का, बोलावलेली रुग्णवाहिका किती वेळाने आली. यात कोणाची अब्रू जात नाही, गेली तर व्यवस्थेची. लोकांना तक्ते कळणार नाहीत, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. महाराष्ट्रात २००७ पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी सेवांना चांगली, बरी, वाईट असे शेरे देऊन पत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्याचा जाब विचारला. द्राक्षबागेतल्या मजुरीचा हिशेब बोटांवर ठेवणाऱ्या बाईला बारा सत्रांपैकी सात झाली हे कळते. कामाचा बोजा वाढेल, असे तिसरे म्हणणे. आशाताई आणि नर्सताई आधीच रजिस्टर आणि ॲप अशा दुहेरी नोंदी करतात, त्यांना नवा रकाना देणे अन्यायच होईल. पण इथे नवीन काही भरायचे नाही. जे वर पाठवले त्याचीच मराठीतली एक प्रत खाली यायची आहे.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करायला सांगते. तरीही ती मिळत नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत आपल्या उपकेंद्राचा मागच्या महिन्याचा सेवांचा अहवाल मागा, मोठ्याने वाचून घ्या, आणि जिथे ‘निरंक’ असेल तिथे वाचणाऱ्याला थांबवा.