लेकरू अभ्यासाला बसत नाही तेव्हा...

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्या फोटोखाली अभ्यासाला बसवलेले लेकरू आहे. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, तुला अठरा मिनिटं बसवत नाही!" हे वाक्य आम्हीही बोललो आहोत. एकदा नव्हे, रोज. आणि एका संध्याकाळी हातात पट्टी घेऊन बोललो आहोत.

अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातली ही गोष्ट. मुलगा पाचवीत. भागाकाराची आठ गणिते घरी करायला दिलेली. पहिले झाले, दुसरे अर्धे झाले की पेन्सिलला टोक करणे आले, मग पाणी पिणे, मग गल्लीत कुत्रे भुंकले ते पाहून येणे. तासाभराने वही पाहावी तर दीड गणित! कधी आठही गणिते होत, पण वही घरीच राही. असे लागोपाठ तीन दिवस झाले, शाळेतून चिठ्ठी आली आणि आम्ही त्याला मारले. तो रडत म्हणाला, "बाबा, म्या गणितं केले होते जी. वही न्यायचं ध्यानातच नाही रायत."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण छत्री, डबा, साहेबांच्या सहीची फाईल कुठेतरी विसरून येणारे या घरात आम्हीच आहोत. आणि आमचे तीन वर्षांचे बी.कॉम. पाच वर्षांत झाले, हे वाचकांपासून काय लपवावे?

पुढे डॉक्टरांकडून कळले की या त्रासाला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता. हे काही मोबाईलच्या काळातले नवे खूळ नव्हे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 साली लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. जगभर शंभरात सुमारे पाच मुलांना हा त्रास असतो आणि तो पुष्कळदा आईबापांकडूनच येतो. मनाला आवर घालणे, कामाचा क्रम लावणे, आठवण ठेवणे ही मेंदूची कामे या मुलांत उशिरा पक्की होतात. हेच लेकरू क्रिकेटची मॅच तीन तास पाहते, म्हणून आपण म्हणतो, नाटक करते! पण ज्यात गोडी आहे तिथे लक्ष आपोआप चिकटते. ज्यात गोडी नाही तिथे ते ओढून आणावे लागते, आणि ही ओढून आणण्याची ताकदच या मुलांत कमी पडते. ती मार देऊन वाढत नाही. मारामुळे एवढेच होते की वही दिसली की पोटात गोळा येतो.

अकोल्याला आमची ताई असते. जावई दालमिलमध्ये कामाला. त्यांची मुलगी आठवीत, अगदी शांत. दोन-दोन तास पुस्तक पुढ्यात घेऊन बसे, पण पान तेच. खोडी नाही, उलट बोलणे नाही, म्हणून कोणाचे लक्षही गेले नाही. शाळेत तिला 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवले होते आणि घरी आठवीनंतर शाळा बंद करायचे चालले होते. ताई म्हणाली, "डोक्यातच नाही तिच्या, तं कायले पैसा घालायचा?" मुलींमध्ये हा त्रास पुष्कळदा असाच मुका असतो. आमच्या मुलाची धावपळ सर्वांना दिसली, भाचीचे मन खिडकीबाहेर गेलेले कोणालाच दिसले नाही. तिचे नाव शाळेतून कमी व्हायला दोनच महिने राहिले होते, तेव्हा आम्ही भाऊ म्हणून हट्ट धरला आणि तिला सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी आधी डोळे, कान, रक्त तपासले. झोप किती होते ते विचारले. कारण रक्त कमी असले किंवा फळ्यावरचे दिसत नसले तरीही लक्ष लागत नाही. मग मानसोपचार विभागात पाठवले. तिथे एका भेटीत शिक्का मारत नाहीत. बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहे का, सहा महिन्यांहून जास्त आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, हे पाहतात. औषध लागेल की नाही ते डॉक्टरच ठरवतात. लागले तर भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे असा त्रास होऊ शकतो, तो त्यांना सांगावा, मनाने गोळी बंद करू नये. मानसोपचार म्हटले की 'वेड लागले का?' असे विचारणारे शेजारी भेटतीलच. आपल्या समाजाने गंडेदोरे सोडले, पट्टी मात्र अजून सोडली नाही!

शाळेत मारणे हा तर गुन्हाच समजा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि त्यातील आजारांच्या यादीत हा त्रास आहे. शाळेत पथक येईल तेव्हा आपणहून सांगावे. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तासांहून जास्त गृहपाठ नको, असे म्हटले आहे. आठ गणितांऐवजी चार द्या, अशी विनंती करायला लाजू नये. या मुलांपैकी पुष्कळांना वाचन-लेखनाची अडचणही असते. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे आणि तिचा दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. नुसत्या एडीएचडीवर तो दाखला मिळत नाही, म्हणून दोन्हींची तपासणी मागावी.

आता घरचे. आमचा मुलगा स्वयंपाकखोलीच्या दारात बसतो. कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत एक गणित, दुसरीपर्यंत दुसरे. एकावेळी एकच गणित दिसावे म्हणून बाकीच्यांवर पुठ्ठा ठेवतो. दहा मिनिटे झाली की उठून माठातले पाणी आणून द्यायचे, मग परत बसायचे. पाढे चालता चालता. गणित संपताच शाबासकी तिथल्या तिथे, महिनाअखेरच्या सायकलचे आमिष या मुलांना फार लांबचे वाटते. दप्तर रात्रीच भरून चपलांजवळ. पहिले पंधरा दिवस काहीच जमले नाही, आणि अजूनही आठवड्यातून एकदा वही घरी राहतेच.

रामजीबाबांची एक गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. परळच्या चाळीत एकच खोली. ते भीमाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवत आणि मग आपण अंग टाकत. मुलांना आम्ही अठरा तास सांगत आलो, पण बापाचे ते रात्रीचे दोन आम्हाला फार उशिरा आठवले.

भाची आता नववीत आहे. मागच्या रविवारी अकोल्याला गेलो तेव्हा ती अंगणात येरझाऱ्या घालत इतिहासाचा धडा मोठ्याने वाचत होती. जावई रात्रपाळी करून आलेले, उंबऱ्यावर बसून घड्याळ पाहत होते. सात मिनिटे झाली तसे म्हणाले, "बस झालं माय, पाणी पे." ती म्हणाली, "एवढा परिच्छेद होऊ द्या न बाबा."